कचेरीतील शेगडी आणि सैन्याची काटकसर

लष्करावर जगात सर्वांत अधिक खर्च करणाऱ्या राष्ट्रापुढे जे प्रश्न असतात त्यांत एखाद्या कारकुनाच्या टेबलाखालील विजेच्या शेगडीला स्थान असेल, असे सहसा कोणाला वाटणार नाही. परंतु अमेरिकेच्या लष्करी कचेऱ्यांत ही शेगडी, तिच्या शेजारचा छोटा फ्रीज आणि कपाटावरचे कॉफीचे यंत्र ही अनेक वर्षे परिपत्रकांचा, तपासण्यांचा आणि कुरबुरींचा विषय होऊन बसली आहेत. विजेचे बिल वाढले किंवा वॉशिंग्टनहून काटकसरीचा नवा आदेश आला की तळावरील कचेऱ्यांना आठवण करून दिली जाते, की वैयक्तिक उपकरणे घरी न्यावीत आणि ठेवायचीच असतील तर परवानगी घ्यावी. काही दिवस शेगड्या दिसेनाशा होतात. थंडी पडली की त्या परत येतात.

वरवर पाहता ही बाब क्षुल्लक आहे. तथापि सार्वजनिक काटकसरीचा भार कोणी उचलावयाचा, नियम करणाराने नियम पाळणाराचे काही देणे लागते की नाही, आणि बंदीने माणसाचे वर्तन कितपत बदलते, हे सारे प्रश्न या क्षुल्लक बाबीत एकवटलेले आहेत. म्हणूनच तिचा थोडा खोलवर विचार करणे अस्थानी ठरणार नाही.

नियमांची परंपरा

या नियमांचा उगम १९७३ च्या तेलसंकटात शोधावा लागतो. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा रोखल्यानंतर अध्यक्ष निक्सन यांनी नोव्हेंबरमध्ये जाहीर केले, की केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतील दिवसाचे तापमान ६५ ते ६८ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १८ ते २० अंश सेल्सिअस, एवढेच ठेवले जाईल. जुलै १९७९ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी आणखी पुढे जाऊन बहुतेक बिगर-निवासी इमारती हिवाळ्यात ६५ अंशांहून अधिक तापविण्यास आणि उन्हाळ्यात ७८ अंशांहून अधिक थंड करण्यास मनाई केली. अध्यक्ष रेगन यांनी फेब्रुवारी १९८१ मध्ये हे निर्बंध उठविले. पण काटकसरीचे धोरण त्याबरोबर संपले नाही. २००७ च्या ऊर्जाविषयक कायद्याने केंद्र सरकारच्या इमारतींतील दर चौरस फुटामागील ऊर्जेचा वापर २००३ च्या तुलनेत २०१५ पर्यंत तीस टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठरविले. संरक्षण खात्याची मजल सुमारे वीस टक्क्यांपर्यंतच गेली.

नियमांची भाषा निःसंदिग्ध आहे. केंद्र सरकारच्या इमारतींच्या सर्वसाधारण नियमावलीनुसार इमारत-व्यवस्थापकाने परवानगी दिल्याखेरीज सुटी शेगडी, पंखा किंवा तत्सम उपकरण वापरता येत नाही. भूदलाच्या २००८ च्या सुविधा-व्यवस्थापन नियमावलीने कामाच्या वेळात कचेरीचे तापमान हिवाळ्यात ७२ आणि उन्हाळ्यात ७४ अंश फॅरनहाइटच्या आसपास राखण्याचा दंडक घालून दिला. निरनिराळे तळ आपापल्या सोयीनुसार त्यात भर घालतात. या सर्वांमागील गृहीत असे, की इमारत जर ठरलेल्या तापमानावर असेल तर व्यक्तीला स्वतःच्या शेगडीची गरजच पडू नये. हे गृहीत तपासून पाहिले पाहिजे.

सामाईक बिल आणि खासगी सुख

अर्थशास्त्राच्या दृष्टीने शेगडीची कथा ही सामाईक चराऊ कुरणाची कथा आहे. ज्याच्या गाईने गवत खायचे त्याला लाभ पूर्ण मिळतो, नुकसान मात्र गावभर वाटले जाते. कचेरीतील कर्मचारी शेगडीची किंमत एकदा देतो, विजेचे बिल तळाच्या खात्यातून जाते. साहजिकच त्याच्या दृष्टीने वीज फुकट ठरते, आणि फुकट वस्तूचा वापर मोजूनमापून करण्याची सवय कोणालाच नसते.

आकडे मांडून पाहिले म्हणजे चित्र स्पष्ट होते. छोटा फ्रीज वर्षाला साधारणतः तीनशे युनिट वीज खातो. वीस माणसांच्या विभागात प्रत्येकाने असा फ्रीज ठेवला, तर वापर सहा हजार युनिटांवर जातो. त्याच वीस जणांचे डबे सामावून घेणारा एक मोठा सामाईक फ्रीज पाच-सहाशे युनिटांत चालतो. म्हणजे सोय तीच, वीज मात्र एक-दशांश. दीड हजार वॉटची शेगडी दिवसाला सहा तास चालली तर नऊ युनिट लागतात, आणि शंभर दिवसांच्या हिवाळ्यात नऊशे. युनिटला बारा-तेरा सेंट असा भाव धरला तर एका शेगडीचे हिवाळ्याचे बिल एकशे दहा डॉलरच्या घरात जाते. एका शेगडीने सैन्य बुडत नाही, हे खरे. पण शेगड्या एकट्यादुकट्या नसतात.

येथवर नियम करणाराची बाजू भक्कम आहे, आणि ती मान्य केल्याशिवाय पुढचा विचार प्रामाणिकपणे करता येणार नाही. सैन्याला मिळणारा पैसा करदात्याचा आहे. वीस फ्रीजऐवजी एक फ्रीज चालत असेल, तर वीस ठेवण्याचा हक्क कोणालाही सांगता येणार नाही.

तारेची मर्यादा

दुसरा मुद्दा खर्चाहून गंभीर आहे, तो आगीचा. अमेरिकेत कचेरीतील साधारण विद्युत्-मंडल एकशे वीस व्होल्ट व पंधरा अँपिअरचे असते. म्हणजे त्याची परिसीमा अठराशे वॉट, आणि सतत चालणारा भार त्याच्या ऐंशी टक्क्यांहून, म्हणजे चौदाशे चाळीस वॉटहून अधिक असू नये असा संकेत आहे. दीड हजार वॉटची एकच शेगडी ही मर्यादा ओलांडते. त्याच मंडलावर नऊशे वॉटचे कॉफीचे यंत्र लागले की बेरीज चोवीसशे होते. त्यातून ही उपकरणे भिंतीतील सॉकेटऐवजी एकाला एक जोडलेल्या एक्सटेंशन बोर्डांवर चालविली जातात, तेव्हा तार तापते. ती कागदांच्या गठ्ठ्यांमागे असेल तर तापलेली कोणाच्या लक्षातही येत नाही.

लष्कराच्या अनेक इमारती जुन्या आहेत. संरक्षण खात्याचे मुख्यालय असलेली पेंटॅगॉनची इमारत १९४३ साली पुरी झाली. सुमारे पासष्ट लाख चौरस फुटांच्या त्या वास्तूची मूळ विद्युत्-व्यवस्था टंकलेखन यंत्रांच्या युगासाठी होती, संगणकांच्या युगासाठी नव्हे. पुढे तिचे जे प्रदीर्घ नूतनीकरण करावे लागले, त्यामागील कारणांत अपुरी पडलेली ही व्यवस्थाही होती. अशा इमारतींत कोणी न विचारता वाटेल ते उपकरण लावावे, असे कोणताही जबाबदार व्यवस्थापक म्हणणार नाही.

शेगडी का येते?

असे असूनही शेगड्या परत येतात. याचे स्पष्टीकरण केवळ बेशिस्तीने होत नाही. शिस्त हाच ज्या संस्थेचा पाया, तेथे एखादा नियम वर्षानुवर्षे मोडला जात असेल, तर दोष माणसांइतकाच नियमातही शोधला पाहिजे.

मोठ्या इमारतीत तापमान एका ठिकाणी मोजले जाते आणि अनेक खोल्यांना लागू होते. तापमापक ज्या भिंतीवर आहे तेथे ७२ अंश असले, तरी उत्तरेकडील खिडकीजवळ किंवा थंड हवेच्या झोताखाली बसणाराला ते मिळतीलच असे नाही. शिवाय ७२ अंशांत सुख वाटणारा ‘सरासरी माणूस’ कोण, हाही प्रश्न आहे. २०१५ साली ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात दोन डच संशोधकांनी दाखवून दिले, की कचेऱ्यांच्या तापमानाचे प्रचलित मानदंड ज्या शरीरोष्णतेच्या अंदाजावर उभे आहेत तो सरासरी पुरुषाचा आहे, आणि बैठे काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत तो प्रत्यक्षाहून जास्त ठरतो. अमेरिकेच्या लष्करी कचेऱ्यांत गणवेशधारी सैनिकांबरोबर मोठ्या संख्येने नागरी कर्मचारी काम करतात, आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय आहे. ज्या मानदंडात तिचा विचारच नाही, त्याच्या आधारे तिच्या टेबलाखालची शेगडी उचलून नेली, तर तिला तो काटकसरीचा धडा वाटणार नाही, अन्याय वाटेल.

फ्रीजचीही गोष्ट अशीच. लष्करी तळ विस्तीर्ण असतात. खाणावळ दूर, जेवणाची सुटी थोडी, आणि काही कचेऱ्या रात्रीही चालणाऱ्या. डबा ठेवायला व गरम करायला सामाईक जागा नसेल, तर माणूस आपली सोय आपण पाहतो. म्हणजे वैयक्तिक उपकरण ही पुष्कळदा चैन नसते. संस्थेने जी सोय करावयाची ती न केल्यामुळे कर्मचाऱ्याने पदरमोड करून केलेली ती भरपाई असते. निव्वळ बंदी घातली की ही भरपाई बंद होत नाही, ती फक्त लपते. फ्रीज फायलींच्या कपाटात जातो, शेगडी टेबलाच्या पडद्याआड सरकते. जे उपकरण उघड्यावर असताना तपासता आले असते, ते झाकले गेल्यामुळे अधिक धोक्याचे होते. आग टाळण्यासाठी केलेला नियम अशा रीतीने आगीलाच मदत करतो.

प्रमाणाचा प्रश्न

कारकुनाच्या मनात आणखी एक शंका असते. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या एकूण ऊर्जावापरात संरक्षण खात्याचा वाटा तीन-चतुर्थांशांहून अधिक आहे. खात्याच्या स्वतःच्या वापरातही इमारतींचा भाग ढोबळ मानाने तीस टक्के, आणि उरलेला सत्तर टक्के विमाने, जहाजे, वाहने व मोहिमा यांचा. ज्या धावपट्टीवरून दिवसभर विमाने उडतात तिच्याच कडेच्या कचेरीत कॉफीच्या यंत्राचा हिशेब मागितला जातो, याचा माणसाला राग येतो.

हा राग समजण्यासारखा असला तरी त्यामागील युक्तिवाद पुरता बरोबर नाही. विमानाचे इंधन हे सैन्याच्या मूळ कार्याचे साधन आहे. ते कमी करण्याचा मार्ग वेगळा आणि तो निर्णय घेणारेही वेगळे. मोठा खर्च अटळ आहे म्हणून छोटी उधळपट्टी क्षम्य ठरत नाही. मात्र या रागात एक सत्य दडलेले आहे. काटकसर तळापासून सुरू होऊन तळाशीच संपली, तर तिच्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. कारकुनाचा फ्रीज गेला आणि वरिष्ठ अधिकाऱ्याच्या दालनातला ‘कार्यालयीन गरज’ म्हणून राहिला, की परिपत्रकातील सारी आकडेमोड व्यर्थ जाते. सारख्या वापराला सारखा नियम, हे तत्त्व येथे सौजन्याचे नाही, अंमलबजावणीचे आहे.

पर्याय देणारे नियम

सोय कोणी करावी, या प्रश्नाला अमेरिकेच्या सार्वजनिक हिशेबपद्धतीने दिलेले उत्तर बोधप्रद आहे. सरकारी पैशातून कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक सुखसोयीचा खर्च करता येत नाही, हा तेथील जुना दंडक. त्यामुळे कचेरीसाठी फ्रीज किंवा मायक्रोवेव्ह घेणे हे दीर्घकाळ अपवादात्मक मानले जाई. १९८३ साली काँग्रेसच्या हिशेबतपासणी संस्थेने अशा एका खरेदीला मान्यता दिली ती तेथील काम चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस चालते आणि बराच वेळ जवळपासची उपाहारगृहे बंद असतात, या कारणास्तव. जून २००४ मध्ये मात्र त्याच संस्थेने आपली भूमिका व्यापक केली. सामाईक वापराच्या स्वयंपाकघरातील उपकरणांचा मुख्य लाभ कामाच्या कार्यक्षमतेला किंवा आरोग्य व सुरक्षिततेला होत असेल, तर त्यात कर्मचाऱ्याची सोय झाली तरी सरकारी खर्च वैध आहे, असा निर्णय तिने दिला.

या निर्णयाचे महत्त्व दुहेरी आहे. व्यक्तीचे उपकरण आणि संस्थेचे उपकरण यांतील सीमारेषा त्याने आखून दिली, आणि ‘घरी न्या’ असे सांगणाऱ्या कचेरीला ‘आम्ही येथे ठेवू’ असे म्हणण्याचा मार्गही मोकळा केला. या मार्गाचा उपयोग न करता केवळ बंदीचे परिपत्रक काढणाऱ्या कचेरीला आता निधीच्या नियमांची सबब उरलेली नाही.

बंदीऐवजी किंमत लावण्याचा प्रयोगही सैन्यात झाला, पण तो कचेऱ्यांत नव्हे, घरांत. खासगी कंपन्यांकडे सोपविलेल्या लष्करी वसाहतींत समान प्रकारच्या घरांचा सरासरी वीजवापर काढून, त्याहून बराच अधिक वापर करणाराकडून पैसे घ्यायचे आणि बराच कमी करणाराला परत द्यायचे, अशी योजना अमलात आली. तत्त्वतः ही व्यवस्था बंदीहून सरस. ज्याला ऊब हवी त्याने तिची किंमत द्यावी, ज्याला नको त्याला लाभ मिळावा. परंतु मीटरच्या अचूकतेबद्दल तक्रारी वाढल्या, आणि २०२० या वित्तीय वर्षाच्या संरक्षणविषयक कायद्याने ती स्थगित करण्यात आली. घरोघरी मीटर असूनही जे साधले नाही, ते टेबलाटेबलावर मीटर नसलेल्या कचेरीत साधेल अशी आशा धरता येत नाही. २००५ च्या कायद्याने केंद्रीय इमारतींना मीटर बसविण्यासाठी ऑक्टोबर २०१२ ची मुदत दिली होती, पण तो मीटर इमारतीचा वापर सांगतो, शेगडीचा नाही.

मात्र इमारतीचा मीटरही निरुपयोगी नाही. ऊर्जाबचतीतून वाचलेल्या पैशाचा निम्मा भाग त्याच तळावरील कल्याणाच्या व तत्सम कामांसाठी वापरण्याची तरतूद अमेरिकन कायद्यात केलेली आहे. वीस फ्रीज काढल्याने वाचलेले पैसे आपल्याच इमारतीतील चांगल्या खिडक्यांवर किंवा जेवणाच्या खोलीवर खर्च झालेले दिसले, तर काटकसरीला एक चेहरा मिळतो. ते अज्ञात खात्यात विरून गेले, तर ती नुसती सक्ती राहते.

फोनच्या नियमाचा धडा

चांगला नियम कसा असतो याचे उदाहरण त्याच संरक्षण खात्याने २०१८ च्या मे महिन्यात दिले. पेंटॅगॉनमधील गोपनीय कामाच्या दालनांत मोबाइल फोन नेण्यावर तेव्हा कडक निर्बंध घातले गेले. फोन ही विजेच्या दृष्टीने नगण्य वस्तू, पण गुप्ततेच्या दृष्टीने घातक. तो नियम सैनिक, नागरी कर्मचारी, कंत्राटदार आणि पाहुणे या सर्वांना लागू करण्यात आला, आणि दालनाबाहेर फोन ठेवण्यासाठी कप्प्यांची व्यवस्थाही नियमातच सांगितली गेली. कारण स्पष्ट, कक्षा सर्वसमावेशक आणि पर्याय हाताशी, ही तिन्ही अंगे त्यात होती.

याउलट उदाहरणही आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने ‘फर्बी’ नावाचे बोलके खेळणे आपल्या आवारात आणण्यास मनाई केली. ते ऐकलेले शब्द टिपून ठेवते अशी समजूत होती. ते काहीच टिपू शकत नाही, असा खुलासा उत्पादकांना करावा लागला आणि नियमाचे हसे झाले. वस्तूची नीट परीक्षा न करता केलेला नियम संस्थेचा दरारा वाढवीत नाही, कमी करतो. आता कॉफीचे यंत्रही इंटरनेटशी जोडलेले मिळते. त्यामुळे वैयक्तिक उपकरणांच्या प्रश्नात विजेबरोबर गुप्ततेचाही विचार यापुढे वाढत जाणार. तेव्हा तर नियम डोळसपणे करणे अधिकच अगत्याचे आहे.

लष्करी कचेरीतील शेगडीविषयीचे धोरण यावरून निश्चित करता येईल. आधी इमारतीचे तापमान प्रत्येक खोलीत, प्रत्यक्ष बसण्याच्या जागी मोजावे. जेथे इमारत उणी पडते तेथे, दुरुस्ती होईपर्यंत, तपासलेली व आपोआप बंद होणारी कमी शक्तीची शेगडी कचेरीनेच द्यावी. सामाईक फ्रीज आणि कॉफीची सोय आधी उभी करावी आणि वैयक्तिक उपकरणे त्यानंतर हटवावीत; हा क्रम उलटा करू नये. सूट द्यावयाची तर ती कामाच्या स्वरूपावरून वा प्रकृतीच्या कारणावरून द्यावी, हुद्द्यावरून नव्हे. आणि वाचलेल्या पैशाचा हिशेब ज्यांनी गैरसोय सोसली त्यांच्यासमोर वर्षातून एकदा मांडावा. यांतील एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही.

लागते ती एवढीच कबुली, की टेबलाखाली लपविलेली शेगडी ही केवळ नियमभंगाची खूण नसून थंड पडलेल्या खोलीची तक्रारही आहे. ती तक्रार ऐकून मग शेगडी उचलली, तर ती परत येणार नाही. न ऐकता उचलली, तर पुढच्या हिवाळ्यात तेच परिपत्रक पुन्हा काढावे लागेल, आणि त्याच्या छपाईचा खर्चही करदात्यालाच पडेल.